घशातली चामखीळ आणि घरातला अबोला

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं करून):

डॉक्टर, मी ३७ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी आवाज घोगरा झाला. शिकवून शिकवून बसला असेल असं वाटलं. सहा महिने ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या, फरक नाही. मग दुर्बिणीतून बघितलं तेव्हा स्वरतंतूंवर गाठी निघाल्या. ऑपरेशन झालं. आठ महिन्यांनी गाठी परत, दुसरं ऑपरेशन. नऊ महिन्यांनी तिसरं. त्याला तेरा महिने झाले आणि आता चौथ्याची तारीख मिळाली आहे. प्रत्येक वेळी रिपोर्ट तोच: 'स्क्वॅमस पॅपिलोमा, कर्करोग नाही.' यंदा डॉक्टरांनी एचपीव्ही विषाणूचं नाव घेतलं. "मागच्या वेळी पुढच्या कोपऱ्यात थोडं मुद्दाम ठेवलं होतं," असंही म्हणाले. म्हणजे काम अर्धवटच केलं ना? घरी आल्यावर मिस्टरांनी फोनवर एचपीव्ही शोधलं. तेव्हापासून बोलणं तुटक झालंय. पाण्याचा पेला वेगळा केलाय. विचारलं तर "काही नाही" म्हणतात. मी काय समजायचं? ते माझ्यावर संशय घेतात, की मी त्यांच्यावर घ्यायला हवा? मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला काही होईल का? पुढे कर्करोग होईल का? ओळखीतल्या एकांनी चामखीळ जाळणाऱ्या अर्काच्या गुळण्या सांगितल्या आहेत, त्या करू का? फोनवर अनोळखी माणसं मला 'सर' म्हणतात, म्हणून मी फोनच उचलत नाही.
ता. क. दिवसभर खाकरत असते, ती सवय जात नाही.
– आवाज हरवलेली

ताई,

आधी त्या पेल्याचं बोलू, बाकी सगळं नंतर. एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, एक टॉवेल वापरल्याने किंवा समोर बसून बोलल्याने हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, असं मानायला काहीही आधार नाही. पेला पुन्हा एक करा, असं मिस्टरांना माझं नाव सांगून खुशाल सांगा. ते ऐकणार नसतील तर हे पान त्यांच्यासमोर ठेवा.

आता खरा प्रश्न. तुमच्या घशात जे उगवतंय, रिपोर्टमधला तो 'पॅपिलोमा', ती एका अर्थाने चामखीळ आहे. हातापायावरच्या चामखिळी ज्या विषाणू-कुटुंबामुळे होतात, त्याच कुटुंबातला हा विषाणू. एचपीव्हीचे २०० हून जास्त प्रकार माहीत आहेत, आणि स्वरयंत्रातल्या या गाठी जवळजवळ नेहमी त्यांतल्या दोघांच्याच असतात: प्रकार ६ आणि प्रकार ११. हे विषाणूचं काम आहे हे कळलं त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९२३ साली उलमन नावाच्या डॉक्टरने एका लहान मुलाच्या स्वरयंत्रातून काढलेली गाठ वाटून तिचा अर्क स्वतःच्या हातावर टोचून घेतला. हातावर चामखिळी उगवल्या! आज असा प्रयोग करायला कोणी परवानगी देणार नाही, पण त्यामुळे मुद्दा सिद्ध झाला.

तुमच्या मिस्टरांनी फोनवर जे वाचलं ते बहुधा असं असेल: एचपीव्ही हा लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू. वाक्य खोटं नाही, पण ते तुमच्या घरावर जसंच्या तसं लावता येत नाही. मोठ्या माणसाच्या स्वरयंत्रात हा विषाणू कुठून आला याबद्दल दोन शक्यता मांडल्या जातात. एक म्हणजे जन्माच्या वेळीच तो आईकडून आला आणि तीसतीस वर्षं गुपचूप पडून राहिला. दुसरी म्हणजे मोठेपणी, संबंधांतून, मुखमैथुनातूनही, तो आला. एखाद्या रुग्णाकडे बोट दाखवून "तुमच्या बाबतीत हे झालं" असं सांगणारी कुठलीही तपासणी आज नाही. रिपोर्टवर विषाणूचं नाव येतं, तो कधी आला आणि कोणाकडून आला ते येत नाही. पाकिटावर पोस्टाचा शिक्काच नाही म्हणा ना. लग्नाच्या आधी, लग्नानंतर, जन्मताना, काहीही असू शकतं. आणि विषाणू अनेक वर्षं दबा धरून बसू शकतो, त्यामुळे गाठी आत्ता आल्या म्हणून संसर्गही आत्ताचाच, हे गणित साफ चुकीचं आहे.

दुसरं असं, की एचपीव्ही भेटणं ही काही विशेष घटना नाही. शरीरसंबंध असलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला आयुष्यात कधी ना कधी त्याचा कुठला तरी प्रकार भेटतो, आणि बहुतेकांचं शरीर एकदोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. माणसाला पत्ताही लागत नाही. तुम्हाला भेटला, तसा मिस्टरांनाही कुठला तरी भेटलेला असणार, मलाही. घशातला हा आजार मात्र फार विरळा. अमेरिकेतल्या जुन्या पाहणीत मोठ्या माणसांमध्ये दर लाखामागे वर्षाला साधारण दोन नवे रुग्ण असा अंदाज निघाला होता. विषाणू जवळजवळ सगळ्यांना आणि आजार लाखात दोघांना, असं का? कारण काही जणांची प्रतिकारशक्ती बाकी सगळीकडे चोख असते आणि नेमकी याच दोन प्रकारांकडे काणाडोळा करते. त्यात चारित्र्याचा प्रश्न येतोच कुठे?

तेव्हा तुम्ही त्यांच्यावर संशय घ्यावा का, याचं माझं उत्तर 'नाही', आणि त्यांनी तुमच्यावर घ्यावा का, याचंही 'नाही'. तुमच्या घरात कधी काय घडलं किंवा घडलं नाही, हे मला माहीत नाही. मी एवढंच सांगते, की ही गाठ त्याचा पुरावा होऊ शकत नाही. दोघांपैकी कोणाला जननेंद्रियांवर चामखिळी दिसत असतील तर त्या दाखवून घ्या, कारण त्याही बहुतेक वेळा याच ६ आणि ११ च्या असतात. नसतील तर मिस्टरांच्या घशाची कसलीही तपासणी करायची गरज नाही. जवळीक थांबवायचीही गरज नाही. अनेक वर्षांचं जोडपं असेल तर जो विषाणू द्यायचा-घ्यायचा तो केव्हाच देऊन-घेऊन झालेला असतो.

आणि एक करा. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या, बाहेरच्या बाकावर न बसवता आत. नाकातून बारीक दुर्बीण सोडतात तेव्हा समोरच्या पडद्यावर सगळं दिसतं. मोत्यासारख्या पांढऱ्या दोन पट्ट्या, म्हणजे स्वरतंतू, मागे उघडणाऱ्या आणि पुढे एका टोकाला मिळणाऱ्या. श्वास घेतला की फाकतात, 'ई' म्हटलं की मिटतात. तुमच्या बाबतीत त्यांच्या कडेवर गुलाबी, दाणेदार गुच्छ दिसेल, अर्धवट पिकलेल्या तुतीसारखा. नीट पाहिलं तर प्रत्येक दाण्याच्या मध्यभागी लाल ठिपका असतो. ती त्या दाण्याची स्वतःची बारीक रक्तवाहिनी. मिटताना दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडायला हव्यात, मध्ये हा गुच्छ येतो, फट राहते, हवा निसटते, आणि आवाज फाटतो. बस, इतकंच. मी हे चित्र अनेक नवऱ्यांना आणि अनेक बायकांना दाखवलंय. फोनवर वाचलेला भयंकर शब्द आणि पडद्यावरचा हा तांदळाएवढा गुच्छ यांतलं अंतर त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसतं.

आता 'अर्धवट काम' या तक्रारीबद्दल. तुमच्या सर्जनची बाजू घेतेय असं वाटेल, पण त्यांनी जे केलं ते मीही केलं असतं. दोन्ही स्वरतंतू पुढे जिथे जुळतात तो कोपरा फार अवघड. तिथे दोन्ही बाजूंची त्वचा एकाच वेळी सोलवटली, तर समोरासमोरच्या दोन ओल्या जखमा भरता भरता एकमेकींना चिकटतात. मध्ये पडदा तयार होतो, बेडकाच्या बोटांमध्ये असतो तसा. तो पडदा म्हणजे कायमचा बिघडलेला आवाज, आणि पुढची सगळी ऑपरेशनं त्याच्यासाठी. गाठ परत आली तर परत काढता येते, पण स्वरतंतूवरचा व्रण काढता येत नाही. म्हणून जाणता सर्जन त्या कोपऱ्यात एका बाजूचं काढतो, दुसऱ्या बाजूचं ठेवतो, आणि पुढच्या खेपेला बघतो. लेझर असो, बारीक फिरतं पातं असलेलं मायक्रोडिब्रायडर असो की साधी थंड अवजारं, तिघांनाही हाच नियम.

आणि समजा, त्यांनी कण न् कण काढला असता, तरी? गाठी तरीही येऊ शकल्या असत्या. गाठीच्या आजूबाजूची जी त्वचा दुर्बिणीतून अगदी निरोगी दिसते, तिच्या पेशींतही विषाणूचा डीएनए मुक्काम ठोकून असतो. शेतातलं तण वरवर खुरपलं तरी मातीत बी राहतंच, तसं. विषाणू रक्तात फिरत नाही, म्हणून रक्ततपासणीत सापडत नाही. त्याला मारणारं औषध अजून कोणाकडे नाही. सर्जन करतो ते इतकंच: श्वासाची वाट मोकळी ठेवायची, आवाज शक्य तितका राखायचा आणि इजा कमीत कमी करायची. 'या वेळी मुळासकट काढून देतो' असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर त्या दवाखान्याची पायरी उतरा. सर्जन बदलायचाच असेल तर कारण वेगळं हवं: असे रुग्ण त्यांनी वर्षभरात किती हाताळलेत? दुर्मीळ आजार आहे, सवयीच्या हाताला फार महत्त्व आहे. पण चांगला हात मिळाला असेल तर त्याच हातात राहा. मागच्या वेळी कुठे काय ठेवलं होतं हे ज्याच्या डोक्यात आणि रेकॉर्डिंगमध्ये आहे, त्याचं काम नव्या माणसापेक्षा नेमकं होतं.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट कदाचित तुमच्याच लक्षात आली नसेल. तुम्ही दिलेले आकडे मी कागदाच्या कडेला लिहून काढले: आठ महिने, नऊ महिने, तेरा महिने. तुम्ही ऑपरेशनं मोजताय, म्हणून तीनचे चार होताना दिसतात. मी मधली अंतरं मोजते, आणि ती वाढत चालली आहेत. हा आजार लहरी आहे. अंतर पुन्हा कमीही होऊ शकतं, गरोदरपणात काही जणींच्या गाठी भराभर वाढतात, आणि वर्षानुवर्षं शांत राहून अचानक डोकं वर काढणारेही रुग्ण असतात. त्यामुळे मी काही वचन देत नाही. पण आज तरी तुमची गाडी बरी चालली आहे. यापुढे एक वही ठेवा. ऑपरेशनची तारीख, आवाज पहिल्यांदा बिघडल्याचं जाणवलं तो दिवस, आणि महिन्यातून एकदा फोनवर तोच एक परिच्छेद वाचून केलेलं रेकॉर्डिंग. डॉक्टरांना "आवाज खराब आहे" सांगण्यापेक्षा दोन रेकॉर्डिंगं लागोपाठ ऐकवणं कितीतरी बोलकं असतं. चौथं ऑपरेशन कधी करायचं हेही त्यावर ठरवा. श्वास मोकळा असेल आणि आवाजावर तुमचं काम निभत असेल, तर तारीख पुढे ढकलता येईल का, हे विचारायला संकोच करू नका. गाठ दिसली की लगेच काढलीच पाहिजे, असा नियम नाही.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येऊ लागला, जिना चढताना मध्येच थांबावं लागलं, आडवं पडलं की गुदमरायला लागलं, श्वासाबरोबर गळ्याखालचा खळगा आत ओढला जाऊ लागला, तर तारखेची वाट बघू नका. थेट मोठ्या रुग्णालयात, आणि जाताना जुने कागद हातात. 'दमा असेल' म्हणून पंप देऊन परत पाठवलेले असे रुग्ण मी पाहिलेत. दुसरं, एरवी कुठल्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली, अपेंडिक्स असो की पायाचं हाड, तर भूलतज्ज्ञाला आधी सांगा की स्वरयंत्रात गाठी आहेत. पाकिटात तशी चिठ्ठीच ठेवा. नळी घालताना त्यांना हे माहीत असणं फार मोलाचं आहे. गळ्याला भोक पाडून नळी बसवायचा विषय कधी निघाला तर तो श्वासाचा शेवटचा उपाय म्हणूनच. एरवी आम्ही तो टाळतो, कारण त्या भोकाच्या काठावर आणि खाली श्वासनलिकेत गाठींना नवी जागा मिळू शकते.

कर्करोगाची भीती. ६ आणि ११ हे एचपीव्हीतले कमी धोक्याचे प्रकार. गर्भाशयमुखाचा कर्करोग करणारे १६ आणि १८ वेगळे. घशातल्या या गाठींचं कर्करोगात रूपांतर होतं, पण थोड्या टक्के रुग्णांत, आणि बहुधा अनेक वर्षांनी. तंबाखू ओढणाऱ्यांत आणि पूर्वी घशाला रेडिएशन दिलेल्यांत धोका जास्त, म्हणून रेडिएशनचा मार्ग आता कोणी घेत नाही. गाठी खाली फुप्फुसात उतरल्या तर काळजी वाढते, पण तेही थोड्यांनाच होतं. प्रत्येक ऑपरेशनमध्ये तुकडा तपासायला पाठवतात तो याचसाठी. "तीनदा तोच रिपोर्ट आला, आता कशाला पाठवायचा" असं म्हणून तो खर्च वाचवू नका. गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी तुमच्या वयाची कुठलीही स्त्री करते तशी करत राहा. घशातल्या गाठींमुळे ती जास्त वेळा करायची गरज नाही.

ऑपरेशनखेरीज काही आहे का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण उद्या फोनवर शोधाल म्हणून सांगून टाकते. वर्षाला चारपेक्षा जास्त ऑपरेशनं लागत असतील, किंवा गाठी खाली उतरत असतील, तर जोडीला औषधांचा विचार होतो. सिडोफोव्हिर नावाचं औषध गाठीच्या जागी टोचतात. बेव्हासिझुमॅब हे मूळचं कर्करोगाचं औषध, ते शिरेतून देतात, सुरुवातीला साधारण दर तीन आठवड्यांनी. ते काय करतं, तर तो दाण्यातला लाल ठिपका आठवा, त्या रक्तवाहिन्यांची वाढच रोखतं. काही रुग्णांत गुच्छ अक्षरशः सुकून जातात. पण औषध थांबवलं की बरेचदा परत येतात, आणि रक्तदाब व लघवीतल्या प्रथिनांवर लक्ष ठेवावं लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मोठ्या माणसांतल्या या आजारासाठी म्हणून पहिल्यांदाच एका औषधाला मान्यता दिली. झोपापोजीन इमॅडेनोव्हेक असं त्याचं जिभेला पीळ पाडणारं नाव. निरुपद्रवी केलेल्या दुसऱ्या विषाणूच्या पाठीवरून ते शरीराला ६ आणि ११ ची ओळख पटवतं, म्हणजे तो काणाडोळा सोडवण्याचा प्रयत्न. बारा आठवड्यांत त्वचेखाली चार इंजेक्शनं. ज्या चाचणीवर मान्यता मिळाली तिच्यात ३५ रुग्ण होते, सगळे वर्षाला तीन किंवा जास्त ऑपरेशनं लागणारे. त्यांतल्या १८ जणांना उपचारानंतर पुढचे बारा महिने एकही ऑपरेशन लागलं नाही. चाचणी लहान आहे, तरी इतकी वर्षं या आजाराकडे बघत आलेल्या माझ्यासारखीला तो आकडा वाचून खुर्चीत सरसावून बसावंसं वाटलं. मात्र तुमची ऑपरेशनं वर्षाला एकाच्या आसपास आहेत. आज तरी यांतल्या कशाच्याही मागे धावायचं कारण नाही. हे नाव तुमच्या डॉक्टरांच्या कानावर मात्र घालून ठेवा.

गुळण्या करू नका. सोपी गोष्ट आहे: गुळणीचं पाणी पडजिभेपर्यंत पोचतं, फार तर जिभेच्या मुळापर्यंत. स्वरतंतू त्याच्या खाली, झाकणाआड असतात. तिथे एक थेंब जरी पडला तरी ठसका लागून जीव कासावीस होतो, आणि तसा ठसका लागलाच पाहिजे, ती फुप्फुसांची राखण आहे. म्हणजे अर्क गाठीपर्यंत पोचणारच नाही, आणि चामखीळ जाळण्याइतका जहाल असेल तर वाटेत तोंड आणि अन्ननलिका भाजेल. सांगणाऱ्याची भावना चांगली असेल, बाटली मात्र मोरीत ओता.

मुलीबद्दल. नऊ वर्षांची आहे, आवाज स्वच्छ आहे, तर निर्धास्त राहा. मुलांमध्ये हा आजार आईकडून जन्माच्या वेळी आलेल्या विषाणूने होतो आणि बहुतेकांत पाच वर्षांच्या आतच दिसतो. तिच्यासोबत राहून, तिला कुशीत घेऊन, तिच्या गालाचा पापा घेऊन तुम्ही तिला हा आजार देत नाही. तुम्ही तिला जे देऊ शकता ते म्हणजे एचपीव्हीची लस, आणि ९ ते १४ हे त्यासाठीचं नेमकं वय. फक्त एक बघा. या लशींचे प्रकार आहेत. त्यांतला एक फक्त १६ आणि १८ वर चालतो. चार किंवा नऊ प्रकारांवरची लस घ्या, तिच्यात ६ आणि ११ असतात. ही लस काय करू शकते याचं उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. तिथे २००७ पासून मुलींना चार प्रकारांवरची लस सरकारी कार्यक्रमात दिली गेली. त्या मुली मोठ्या होऊन आया झाल्या, आणि लहान मुलांतला घशाचा हा आजार २०१२ मध्ये लाख मुलांमागे ०.१६ होता तो २०१६ मध्ये ०.०२ वर आला. त्या देशात आता असं मूल दिसणं ही नवलाची गोष्ट झाली आहे. तुम्ही स्वतः लस घ्यायची का? आत बसलेल्या विषाणूला ती हाकलत नाही. तरी ऑपरेशनच्या जोडीने दिल्यास काही रुग्णांत अंतरं वाढल्याचं आढळलंय, म्हणून काही सर्जन देतात. तुमच्या डॉक्टरांशी बोला, ते हो म्हणाले तर घ्या.

शाळा सोडू नका. शिकवल्यामुळे हे झालेलं नाही. ओरडून, ताणून बोलण्याने स्वरतंतूंवर वेगळ्या गाठी होतात, त्यांना आम्ही नोड्यूल म्हणतो, आणि त्या आवाजाच्या व्यायामाने बहुधा जातात. तुमच्या गाठींची जात निराळी. पण आवाजावरचा भार कमी केला तर उरलेला आवाज जास्त टिकेल. कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कानाशी माईक मिळतो, तो घ्या. पहिले दोन दिवस मुलं हसतील, तिसऱ्या दिवशी त्यांना त्याची सवय झालेली असेल. ऑपरेशननंतर जितके दिवस मौन सांगितलंय तितके दिवस पाळा, कुजबुजही करू नका, तिच्यातही बऱ्याच जणांचा घसा ताणला जातो. नंतर वाचा-उपचारतज्ज्ञाकडे निदान काही सत्रं करा. गाठ असताना जोर लावून आवाज काढायची लागलेली सवय गाठ गेल्यावरही राहते. पहिल्या सहा महिन्यांत ॲसिडिटीच्या गोळ्यांवर वेळ गेला, त्याचं मला वाईट वाटतं, पण नवल वाटत नाही. फार जणांचं असंच होतं. बाकीच्या वाचकांसाठी म्हणून इथेच लिहिते: आवाज चार आठवडे घोगरा राहिला की कुठल्याही गोळीआधी दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहून घ्या. दोन मिनिटांची तपासणी आहे.

फोनवर 'सर' म्हणणाऱ्यांचं काय करायचं? माझी एक रुग्ण फोन उचलताच म्हणायची, "बोला, मी मॅडम बोलतेय, आवाज सरांचा आहे." समोरचा ओशाळून हसायचा आणि विषय तिथेच संपायचा. तुम्हाला हे जमेल की नाही माहीत नाही, पण फोन उचलायला लागा.

आणि ता. क.चं उत्तर. खाकरणं म्हणजे दोन स्वरतंतू जोराने एकमेकांवर आपटणं. घशात काहीतरी अडकलंय असं वाटतं ती गाठच असते, आणि ती खाकरून निघत नाही. प्रत्येक वेळी खाकरावंसं वाटलं की त्याऐवजी पाण्याचा एक घोट घ्या, किंवा नुसता आवंढा गिळा. टेबलावर बाटली ठेवा. पहिला आठवडा विसराल, मुलीला सांगून ठेवा, ती आठवण करून देईल.